विकतचं दुखणं

‘सुपर हेक्सागॉन’ या मोबाइल गेममध्ये सोपी पातळी नाही. आयरिश गेमकार टेरी कॅव्हना याने २०१२ साली तो आणला, तेव्हा पहिल्याच पातळीवर पाटी होती ‘हार्ड’. दुसरीवर ‘हार्डर’, तिसरीवर ‘हार्डेस्ट’. या पार करणाऱ्यांसाठी आणखी तीन पातळ्या मागे दडवलेल्या, आणि त्यांच्या पाट्या इंग्रजी व्याकरण धाब्यावर बसवून ‘हार्डेस्ट’च्याही पुढे गेलेल्या. पडद्याच्या मधोमध एक षटकोन, त्याच्या कडेने फिरणारा इवलासा त्रिकोण आणि चहूबाजूंनी आत चालून येणाऱ्या भिंती. भिंतीतली फट हेरून त्रिकोण तिच्यातून काढायचा, एवढंच काम. डावीकडे जायचं तर पडद्याच्या डाव्या बाजूला बोट टेकायचं, उजवीकडे जायचं तर उजव्या. तोवर पडदा गरगर फिरत असतो, रंग पालटत असतात आणि उत्तर आयर्लंडच्या चिपझेल या संगीतकाराचं संगीत कानात ठोके देत असतं. नवखा खेळाडू चार-पाच सेकंदांत भिंतीवर आपटतो. एका बाईचा कोरडा आवाज ‘गेम ओव्हर’ म्हणतो. बोट टेकताच तोच आवाज ‘अगेन’ म्हणतो आणि भिंती पुन्हा चालून येतात. दहा सेकंद तग धरला तर तो आवाज ‘लाइन’ म्हणतो, विसाव्या सेकंदाला ‘ट्रँगल’, तिसाव्याला ‘स्क्वेअर’, पंचेचाळिसाव्याला ‘पेंटॅगॉन’. साठ सेकंद टिकलं की पातळी जिंकली.

हे एक मिनिट गाठायला कित्येकांना दिवसच्या दिवस लागले. तरीही लोकांनी गेम पैसे मोजून घेतला, त्यात हरले, चिडले, आणि मग शेजारच्याच्या हातात फोन देऊन म्हणाले, ‘बघ, तुला जमतंय का.’ या धंद्याची सगळी गोम या शेवटच्या वाक्यात आहे.

मुद्दाम नाकी नऊ आणणारे इंडी मोबाइल गेम हा या प्रस्तावनेचा विषय. इंडी म्हणजे बड्या कंपनीच्या भांडवलाशिवाय, एकट्याने किंवा चार-पाच जणांनी मिळून केलेले. अशा गेमकाराकडे टीव्हीवर जाहिरात करायला पैसा नसतो, अ‍ॅप-दुकानाच्या पहिल्या पानावर जागा मिळवायला ओळख नसते, आणि शंभर तास पुरेल एवढा मालमसाला तयार करायला माणसंही नसतात. कठीणपणा या तिन्ही उणिवा एका फटक्यात भरून काढतो. एका मिनिटाची पातळी आठवडाभर पुरते, हरलेला माणूस स्वतःच गेमचा बोभाटा करतो, आणि तो बोभाटाच पुढच्या गिऱ्हाइकाला खेचून आणतो. एक अट मात्र आहे. हरणाऱ्याला ती हार आपली स्वतःची वाटली पाहिजे. गेमने फसवलं असं वाटलं की माणूस गेम काढून टाकतो, आणि आपलं चुकलं असं वाटलं की पुन्हा बोट टेकतो.

कठीण खेळांची परंपरा मोबाइलपेक्षा बरीच जुनी आहे. आर्केडमधली यंत्रं नाण्यावर चालत, आणि तिथे हिशेब सरळ होता. खेळाडू जितका लवकर हरेल तितक्या लवकर पुढचं नाणं पडेल. १९८५ साली आलेल्या कॅपकॉमच्या ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ने तर कहर केला होता. शेवटच्या राक्षसाला लोळवून आलेल्या खेळाडूला तो गेम सांगायचा की हा सगळा सैतानाचा भुलभुलैया होता, आता सुरुवातीपासून पुन्हा खेळा. पुढच्याच वर्षी जपानमध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा दुसरा भाग निघाला. अमेरिकी गिऱ्हाइकाला तो झेपणार नाही या भीतीने निंटेंडोने तिकडे त्या नावाखाली वेगळाच गेम विकला, आणि मूळ गेम अमेरिकेत पोहोचायला १९९३ साल उजाडलं. १९८६ सालीच विनोदी नट आणि दिग्दर्शक ताकेशी कितानो याच्या नावाने एक गेम आला. त्यात एके ठिकाणी कंट्रोलरला तासभर हातही लावायचा नसे. खेळाडूची थट्टा हाच त्याचा हेतू होता.

इंटरनेट आल्यावर या थट्टेला प्रेक्षक मिळाले. २००७ साली ‘आय वाना बी द गाय’ हा फुकट गेम आला. त्यात झाडावरची फळं खाली पडून नायकाला मारतातच, पण वर उडूनही मारतात. असे गेम खेळणाऱ्यांपेक्षा पाहणारे जास्त हसत. २०११ साली ‘डार्क सोल्स’ या मोठ्या गेमच्या प्रकाशकाने ‘मरायला तयार राहा’ अशा अर्थाचं घोषवाक्यच जाहिरातीत वापरलं, आणि वर्षभराने संगणकावर आलेल्या आवृत्तीच्या नावातही तेच घातलं. जी गोष्ट एरवी विक्रेते लपवतात, ती आता वेष्टनावर छापली जाऊ लागली.

अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० अ‍ॅपसह उघडलं. एकट्या माणसाला घरात बसून गेम करून जगभर विकता येण्याची ही मोठी सोय. पण दुकान झपाट्याने भरत गेलं, किमती ९९ सेंटवर घसरल्या, आणि ऑक्टोबर २००९मध्ये फुकट अ‍ॅपच्या आतून वस्तू विकायला परवानगी मिळाल्यावर त्या शून्याकडे निघाल्या. शिवाय फोनला बटणं नाहीत. गेम बसच्या रांगेत, एका हाताने, दोन मिनिटांसाठी खेळला जाणार. एका बोटाने खेळता येईल, क्षणात कळेल आणि तरीही लवकर संपणार नाही, असं काय करायचं? थोड्याच साधनांत भागवायचं असलेल्या गेमकाराला उत्तर आपसूक सापडलं. नियम एक ठेवायचा आणि चूक महाग करायची.

या उत्तराचा सगळ्यात गाजलेला नमुना हनोईत तयार झाला.

डाँग न्गुयेन हा तरुण टॅक्सींमध्ये बसवायच्या ठावठिकाणा सांगणाऱ्या उपकरणांसाठी प्रोग्रॅमिंग करायचा. उरलेल्या वेळात त्याने ‘फ्लॅपी बर्ड’ रचला. काही दिवसांचंच काम होतं, आणि त्यातला पक्षीही त्याच्याच एका अर्धवट सोडलेल्या गेममधून उचललेला. २४ मे २०१३ रोजी गेम अ‍ॅप स्टोअरवर आला आणि कित्येक महिने कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. बोट टेकलं की पक्षी एक फडफड करून वर उसळतो, टेकलं नाही तर दगडासारखा खाली येतो. समोरून हिरवे नळ येतात, वरून एक आणि खालून एक, मधल्या फटीतून निसटायचं. एक फट पार केली की एक गुण. नळाला चोच घासली तरी खेळ खलास. दहा गुणांना कांस्यपदक, विसाला रौप्य, तिसाला सुवर्ण, चाळिसाला प्लॅटिनम. पहिल्या डावात शून्यावर बाद होणं हा जवळपास सार्वत्रिक अनुभव होता.

२०१३ सरता सरता गेमचं नाव समाजमाध्यमांवर दिसू लागलं. जानेवारी २०१४मध्ये तो अमेरिकेत फुकट अ‍ॅपच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच महिन्यात यूट्यूबवरचा स्वीडिश तारा प्यूडीपाय याने त्यावर व्हिडिओ केला. ‘हा गेम खेळू नका’ असं त्याच्या शीर्षकातच लिहिलं होतं, आणि तो बघून लक्षावधींनी नेमकं उलटं केलं. डाउनलोडची संख्या पाच कोटींच्या घरात गेली. पडद्याच्या कडेला दिसणाऱ्या जाहिरातींमधून दिवसाला सुमारे ५० हजार डॉलर येतात, असं न्गुयेनने एका मुलाखतीत सांगितलं. गेमची जाहिरात करायला त्याने काही खर्च केला नव्हता.

८ फेब्रुवारीला त्याने ट्विटरवर जाहीर केलं की २२ तासांनी आपण हा गेम काढून घेणार. सांगितल्याप्रमाणे त्याने तो काढला. पुढे मुलाखतींत त्याने कारण दिलं. चार घटका विरंगुळा म्हणून केलेल्या गेमचं लोकांना व्यसन लागलं होतं. शाळकरी मुलांनी रागाच्या भरात फोन फोडल्याच्या, आई पोरांशी बोलेनाशी झाल्याच्या कहाण्या त्याला लिहून येत होत्या, आणि त्याची स्वतःची झोपही उडाली होती. गेम गेला तशी त्याची किंमत आणखी वाढली. ‘फ्लॅपी बर्ड’ असलेले जुने फोन ईबेवर हजारो डॉलरच्या बोलीला लागले. नकलांचा तर पूर आला. तो इतका की दोन्ही मोठ्या अ‍ॅप-दुकानांनी नावात ‘फ्लॅपी’ असलेले नवे गेम अडवायला सुरुवात केली. मॅकअ‍ॅफी या सुरक्षा कंपनीने त्या वर्षी अशा नकलांचे नमुने तपासले, तेव्हा दर पाचांपैकी जवळपास चारांमध्ये घातक प्रोग्रॅम निघाले.

‘फ्लॅपी बर्ड’मध्ये चमकदार असं काही नव्हतं, म्हणून अनेकांनी त्याचं यश निव्वळ नशिबावर घातलं. ते पूर्ण खरं नाही. पक्षी दर वेळी तेवढाच उसळतो, तेवढ्याच वेगाने पडतो. फटीची उंची बदलते, पण रुंदी तीच राहते. वेग वाढत नाही, मध्येच नवा शत्रू येत नाही. गेम पहिल्या नळापासून शंभराव्यापर्यंत एकाच न्यायाने वागतो, म्हणून आपटलेल्या खेळाडूला बोट दाखवायला स्वतःशिवाय दुसरं कुणी उरत नाही. ‘सुपर हेक्सागॉन’चंही तसंच. भिंती एकामागून एक कोणत्या क्रमाने येतील ते दर डावात बदलतं, पण भिंतींच्या रचना ठरावीकच असतात, आणि सवय झालेला डोळा त्या ओळखू लागतो.

दुसरी गोष्ट पुन्हा सुरू होण्याच्या वेगाची. हरणं आणि पुढचा डाव यांच्यात या गेमांनी जवळपास काहीच ठेवलं नाही. मेनू नाही, ‘खरंच पुन्हा खेळायचं का’ अशी विचारणा नाही. राग यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत पुढचा डाव सुरू झालेला असतो. २०१०च्या ‘सुपर मीट बॉय’ या गेमने हे शास्त्र पक्कं केलं होतं. त्यात नायक मेला की पापणी लवायच्या आत पुन्हा उभा राही, आणि पातळी पार केल्यावर आधीचे सगळे फसलेले प्रयत्न एकाच वेळी पडद्यावर धावताना दिसत. आपल्या पराभवांची ही जत्रा बघून खेळाडू खुलायचा.

डॅनिश अभ्यासक येस्पर यूल याने २०१३च्या ‘द आर्ट ऑफ फेल्युअर’ या पुस्तकात यातलं कोडं नेमकं मांडलं आहे. माणूस अपयश टाळत जगतो. गेममध्ये अपयश येणार हे त्याला ठाऊक असतं, तरी तो गेम शोधत जातो. यूलच्या मते गेम आधी आपल्याला आपली कमतरता दाखवतात आणि लगेच ती भरून काढायची वाटही पुढे करतात. ही वाट खरी असेल तोवर माणूस चिडूनही खेळत राहतो. ऑफिसातल्या किंवा परीक्षेतल्या अपयशाला अशी वाट तीन सेकंदांत मिळत नाही.

या कोड्याशी सगळ्यात धिटाईने खेळला तो बेनेट फॉडी. हा ऑस्ट्रेलियन. ‘कट कॉपी’ या बँडमध्ये कधीकाळी बास वाजवणारा, पुढे ऑक्सफर्डमध्ये व्यसनाच्या तात्त्विक बाजूवर संशोधन केलेला, नंतर न्यूयॉर्क विद्यापीठात गेम-रचना शिकवलेला. २००८ साली त्याने ‘क्वॉप’ हा ब्राउझरमधला गेम केला. शंभर मीटरच्या शर्यतीत धावपटूच्या मांड्या आणि पोटऱ्या चार वेगवेगळ्या कळांनी हलवायच्या. बहुतेकांचा धावपटू दोन पावलांत पाठीवर आडवा. पुढे हा गेम फोनवरही आला. पण फॉडीचं नाव झालं ते २०१७च्या ‘गेटिंग ओव्हर इट’ने. संगणकावर आलेला हा गेम त्याच वर्षअखेरीस आयफोनवर आणि पुढच्या वर्षी अँड्रॉइडवर आला. एक उघडाबंब माणूस, नाव डायोजिनिस, कमरेपर्यंत लोखंडी कढईत बसलेला. हातात लांब दांड्याचा घण. फोनच्या पडद्यावर बोट फिरवून तो घण खडकात अडकवायचा, स्वतःला ओढायचं, ढकलायचं आणि डोंगर चढायचा. डोंगरही कसला, तर खडक, टाकून दिलेलं फर्निचर, फळं, पाइप असल्या भंगाराचा ढीग. गेम मध्येच कुठेही ‘इथवर जपून ठेवलं’ म्हणत नाही. तासाभराची चढण बोट जरा जास्त सरकलं म्हणून तीन सेकंदांत वाया जाऊ शकते. पडल्यावर फॉडीचा स्वतःचा शांत आवाज येतो आणि अपयशाबद्दल थोरामोठ्यांची वचनं ऐकवतो. जखमेवर मीठ यापेक्षा सभ्यपणे चोळता येणार नाही.

वर कुठेतरी एक साप आडवा पडलेला आहे आणि शेजारी पाटी आहे की सापावर बसू नका. जो बसतो तो घसरत थेट पायथ्याशी येतो. मराठी वाचकाला इथे सापशिडी आठवेल, आणि फरकही तिथेच कळेल. ९८व्या घरातल्या सापाने गिळलं तर दोष फाशाचा. पाठ थोपटून पुन्हा फासा टाकता येतो. फॉडीच्या डोंगरावर फासा नाही. पाटी वाचलेली असते, बोट स्वतःचं असतं, आणि म्हणून घसरगुंडी जास्त झोंबते. वर पोहोचण्याचा अर्थही त्यामुळेच उरतो. शिखर गाठणाऱ्याला बक्षीस म्हणून एक गप्पांची खोली उघडते, जिथे फक्त शिखर गाठलेले खेळाडू जाऊ शकतात. व्हिडिओ काढणाऱ्यांनी तिथलं काही दाखवू नये अशी विनंतीही असते.

फॉडीने ही कल्पना आपलीच असल्याचा आव आणला नाही. २००२ साली जाझुओ या टोपणनावाच्या चेक गेमकाराने केलेला ‘सेक्सी हायकिंग’ हा ओबडधोबड गेम त्याचा मूळ आधार, आणि ते तो गेममध्येच सांगतो. विक्रीच्या पानावर त्याने आणखी एक गोष्ट उघड सांगून टाकली. हा गेम एका विशिष्ट जातीच्या माणसासाठी केला आहे, आणि तो त्याला दुखावण्यासाठीच. गिऱ्हाइकाला इतक्या सरळ धमकावणारी जाहिरात क्वचितच कुणी लिहिली असेल. ती चालली, कारण आपण त्या जातीचे आहोत की नाही, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला तपासून बघावंसं वाटलं.

स्वीडनच्या रॉबर्ट टोपालाने ‘जॉमेट्री डॅश’ हा गेम ऑगस्ट २०१३मध्ये आणला. त्याने या मामल्यात आणखी एक पदर जोडला. एक चौकोनी ठोकळा संगीताच्या ठेक्यावर आपोआप पुढे पळतो. बोट टेकून त्याला काट्यांवरून उडी मारायला लावायची. काटा लागला की पातळी पहिल्यापासून, आणि मागच्या भिंतीवर ‘अटेम्प्ट’ या शब्दापुढचा आकडा एकाने वाढलेला. कितव्या टक्क्याला मेलो तेही गेम सांगतो. ‘९४ टक्क्यांवर गेलो’ हे वाक्य मग शाळेच्या मधल्या सुट्टीत फिरतं. टोपालाने जाहिरातींसह एक फुकट ‘लाइट’ आवृत्ती दिली आणि पूर्ण गेम थोड्या पैशांत विकला. त्यात पातळ्या रचायचं साधनही दिलं. आपली पातळी इतरांसाठी खुली करायची तर रचणाऱ्याने आधी ती स्वतः पार करून दाखवली पाहिजे, असा नियम घातला. या एका नियमाने न्याय सांभाळला गेला. पातळी राक्षसी असेल, पण अशक्य नाही, याची हमी मिळाली. त्यातून खेळाडूंनी ‘डेमन’ पातळ्यांची उतरंड लावली, क्रमवाऱ्या केल्या, नवनवे विक्रमवीर घडवले. जानेवारी २०१७नंतरची मोठी आवृत्ती डिसेंबर २०२३मध्ये आली. जवळजवळ सात वर्षं हा गेम खेळाडूंनीच जिता ठेवला.

विक्रीचं तंत्र या उदाहरणांतून पुरेसं स्पष्ट होतं. पहिलं, आकडा लहान आणि तुलनेचा हवा. ‘माझे सात झाले’ हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं आणि लगेच डिवचतं. अ‍ॅपलचं गेम सेंटर २०१०मध्ये सुरू झाल्यावर ही चढाओढ फोनमध्येच मांडली गेली. दुसरं, हार बघण्यासारखी हवी. कोडं सोडवणाऱ्याचा व्हिडिओ पाहणं कंटाळवाणं असतं, पण शिखराजवळून कढईसकट कोसळणारा माणूस आणि कोपऱ्यातल्या चौकटीत किंचाळणारा खेळाडू बघायला भाषाही लागत नाही. तिसरं, नियम पाहणाऱ्याला दोन सेकंदांत कळला पाहिजे, म्हणजे ‘मला जमलं असतं’ असं त्याला वाटतं. हिरोयोशी ओशिबा या जपानी गेमकाराचा ‘ट्रॅप अ‍ॅडव्हेंचर २’ हा गेम २०१६पासून अ‍ॅप स्टोअरवर होता. जमिनीतून, छतातून, अगदी सुटकेच्या जागेतूनही काटे येणारा. जानेवारी २०१८मध्ये कुणीतरी खेळतानाची एक छोटी चित्रफीत ट्विटरवर टाकली आणि तोवर पडून असलेला गेम जगभर पसरला. गेम तोच होता. बघणारे आता आले.

तोवर कंपन्यांनीही त्यातला नफा ओळखला होता. २०१४ साली निघालेल्या फ्रान्सच्या केचॅपने एका बोटाच्या कठीण गेमांची रांगच लावली, प्रत्येक दोन-चार पराभवांनंतर जाहिरात दाखवली, आणि २०१६मध्ये युबिसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. ऑस्ट्रेलियाच्या हिपस्टर व्हेल या कंपनीने ‘क्रॉसी रोड’ या गेममध्ये मधला मार्ग काढला. रस्ता ओलांडताना कोंबडी गाडीखाली येणारच, पण पुढे चालायला पैसे मागायचे नाहीत. जाहिरात बघायची की नाही ते खेळाडूने ठरवायचं, बघितली तर नाणी मिळतात आणि नाण्यांनी नुसती नवी पात्रं येतात. नोव्हेंबर २०१४ला आलेल्या या गेमने तीन महिन्यांत सुमारे एक कोटी डॉलर मिळवले, असं त्याच्या कर्त्यांनी जाहीर सांगितलं.

इथे एक रेष आखायला हवी. २०१२च्या ‘कँडी क्रश सागा’तही पातळ्या कठीण आहेत, पण तिथे पाच जीव संपले की एकेका जिवासाठी अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे द्या. शेवटच्या दोन चालींसाठी अडलेल्या माणसासमोर दुकान उघडतं. हा कठीणपणा टोलनाक्यासाठी बांधलेला आहे. ‘सुपर हेक्सागॉन’मध्ये पंचेचाळीस सेकंदांवर अडकलेल्या माणसाला पुढचे पंधरा सेकंद विकत घेता येत नाहीत. जगातला सगळ्यात श्रीमंत माणूसही तिथे आपटतोच. दोन्ही गेम चिडवतात, पण एकात चीड हे गिऱ्हाईक पिळायचं साधन आहे आणि दुसऱ्यात ती खेळाचा भाग आहे.

चिडवण्याची कला जाहिरातीत कशी घुसली याचा नमुना २०२०मध्ये ब्रिटनमध्ये समोर आला. ‘होमस्केप्स’ आणि ‘गार्डनस्केप्स’ हे मुळात रंगीत तुकडे जुळवायचे गेम. त्यांच्या जाहिरातींत मात्र खिळे ओढून नायकाला वाचवायचं कोडं दाखवलं जाई. तसली कोडी प्रत्यक्ष गेममध्ये क्वचितच होती. ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने त्या दिशाभूल करणाऱ्या ठरवून बंद करायला लावल्या. अशा जाहिरातींची एक ओळखीची खोड आहे. त्यांतला खेळणारा इतका ढिसाळ खेळतो की बघणाऱ्याची बोटं शिवशिवतात. ‘फ्लॅपी बर्ड’ने न ठरवता जे केलं, ते इथे गेमशिवाय, नुसत्या चिडीवर केलं जात होतं.

मग या सगळ्याचं व्यसन लागतं का, हा प्रश्न उरतो, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. २००९ साली केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी जुगाराच्या यंत्रावर प्रयोग केले. थोडक्यात हुकलेला डाव सुखद वाटत नव्हता, तरी त्याने पुन्हा खेळायची इच्छा वाढत होती, आणि विशेषतः निवड स्वतः केली असेल तेव्हा. नळाच्या कडेला चोच घासून मेलेला पक्षी हा असाच थोडक्यात हुकलेला डाव आहे, आणि निवड पूर्णपणे खेळाडूची. फरक इतकाच की जुगाराच्या यंत्रात कौशल्य कधीच वाढत नाही, इथे वाढतं. तो फरक मोठा आहे, पण रात्री दोन वाजता फोन हातात असलेल्या माणसाला तो दिसेलच असं नाही. न्गुयेनने स्वतःचा सोन्याचा पक्षी मारला तो या शंकेपोटी. सप्टेंबर २०२४मध्ये ‘फ्लॅपी बर्ड फाउंडेशन’ नावाच्या वेगळ्याच मंडळींनी नाव आणि ट्रेडमार्क मिळवून गेम परत आणायची घोषणा केली. तेव्हा तो कित्येक वर्षांनी ‘एक्स’वर (पूर्वीच्या ट्विटरवर) बोलला. आपला याच्याशी संबंध नाही आणि आपण काहीही विकलेलं नाही, असं त्याने सांगितलं.

या गेमांवर लिहिताना दोन टोकांच्या चुका होतात. एक, त्यांना पोरकट वेळकाढूपणा समजून सोडून देणं. दोन, हरूनही न थांबणाऱ्या खेळाडूत जिद्दीचा धडा शोधणं. पहिल्या टोकाच्या लोकांना यातली कारागिरी दिसत नाही. फटीची रुंदी, उसळीची उंची, पुन्हा सुरू व्हायला लागणारा वेळ, यांतला एक आकडा हलला तरी गेम कोसळतो, आणि हजारो नकला त्यामुळेच मेल्या. दुसऱ्या टोकाचे लोक विसरतात की गेमकाराला भाडं भरायचं असतं आणि खेळाडूची चीड हे त्याचं भांडवल आहे. ते भांडवल त्याने कसं वापरलं, यावरच गेमची पारख करावी. त्या कसोटीवर कॅव्हना, फॉडी आणि टोपाला यांचे गेम उजवे ठरतात. ते खेळाडूकडून एकदाच पैसे घेतात आणि पुढे फक्त त्याची परीक्षा घेतात.

या विषयात पुढे जायचं असेल तर वाचकाने आधी बोटं भाजून घ्यावीत. ‘सुपर हेक्सागॉन’ आणि ‘गेटिंग ओव्हर इट’ थोड्या पैशांत मिळतात, ‘जॉमेट्री डॅश’ची लाइट आवृत्ती फुकट आहे. ‘फ्लॅपी बर्ड’ या नावाने आज जे दिसतं ते न्गुयेनचं नाही, आणि अनोळखी दुकानातून उतरवलेली नक्कल फोनला घातक असू शकते, हे लक्षात ठेवावं. आवाज चालू ठेवून खेळावं, कारण यातले अर्धे गेम कानांनी खेळायचे आहेत. मग फोन घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावा आणि त्याचा चेहरा बघावा. एवढं करून मगच यांच्यावरचा कुठलाही लेख, कौतुकाचा असो की टीकेचा, उघडावा.